शेवटच्या ओळीतला फुलीचा चौकोन

माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मला पगाराबरोबर मिळालं. बारामतीत कालव्याच्या पाण्याचे अर्ज तपासायच्या टेबलावर मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. ज्यानं अर्जात भुईमूग लिहिला त्याच्या रानात ऊस, ज्यानं थोडा ऊस लिहिला त्याच्या रानात उसाचं जंगल, आणि ज्यानं अर्जच केला नाही त्याच्या रानात अख्खा कालवा वळलेला. एकदा तर एका मयत आजोबांच्या सहीचा अर्ज आला, आणि सहीची शाई ओली होती. इतक्या अनुभवानंतर समोरच्यानं नुसता नमस्कार केला तरी मी मनात विचारायचो, हा का करतोय?

अशा माणसाच्या घरात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक आला. त्या काळी आमच्या गल्लीत संगणक किती होते म्हणाल, तर माझ्या मोजणीनं दीड. एक आमचा, आणि अर्धा पलीकडच्या घरातला. त्यांच्याकडं नुसता पडदा आला होता, बाकीचा भाग पुण्याहून यायचा होता. आमचा मॉनिटर रेडकाच्या वजनाचा. तो जिन्यावरून चढवताना जिना खाली गेला, असं मी आजही सांगतो, आणि बायको आजही मान हलवते. तिची ती मान 'हो' म्हणून हलते की 'नाही' म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

संगणक घेतला तो तिच्यासाठीच. ती शाळेत मराठी शिकवायची. तिचं माहेर कळंबचं. तिचे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, तरणेपणी मेंढरं घेऊन दर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. पुढं कळप गेला, शेती आली, पण ती वाट त्यांच्या डोक्यात जशीच्या तशी होती: कुठल्या मुक्कामाला कुठली विहीर, कुठल्या गावचा पाटील खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, कुठलं गवत खाल्लं की मेंढरू फुगतं. हे सगळं ती दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडून ऐकून संगणकावर उतरवत होती. आबा हात मोकळे असले तर बोलायचे नाहीत. चातीवर लोकर कातायला घेतली की मग बोलायचे. पुण्याच्या एका छापखान्यानं पुस्तक करायचं कबूल केलं होतं. ते सगळं पुस्तक आमच्या संगणकाच्या पोटात होतं.

आणि त्या पोटात दुखायला लागलं. मशीन दिवसातून तीनदा अडायचं, पडदा निळा पडायचा, आणि बायको रविवारचं काम सोमवारी पुन्हा करायची.

स्टँडमागं एक तरुण कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. मूळचा अंथुर्ण्याचा, घरी भाजीपाल्याची बागायत. बारामतीतली झाडून सगळी मशीनं तोच उघडायचा. त्याला आम्ही 'सर' म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणावं हे ठरलेलं नव्हतं. त्यानं येऊन तपासलं आणि सांगितलं की मूळ सिस्टीम पुन्हा टाकावी लागेल, आणि टाकताना आतलं सगळं पुसलं जाईल. त्यावर इलाज असा, की आपली हार्ड डिस्क सध्या एकसलग आहे, तिचे दोन भाग करायचे. एका भागात सिस्टीम, दुसऱ्यात आपलं लिखाण. मग पहिला भाग हवा तितक्या वेळा पुसा, दुसऱ्याला धक्का नाही.

"पण दोन भाग करताना तरी पुसलं जाईलच की," मी म्हटलं.

"नाही. रीतसर केलं तर आतलं न पुसता होतं. आधी नक्कल काढायची, डिस्क तपासायची, सगळ्या फाइली एका अंगाला गोळा करायच्या, आणि मोकळ्या बाजूनं कापायचं."

आतलं न पुसता कापायचं! इतकं गोड बोलणारा माणूस मी फक्त एकदाच पाहिला होता, आणि त्याच्या रानात कालवा होता.

नक्कल काढायला त्यानं आपल्या दोन कोऱ्या फ्लॉप्या पुढं केल्या, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. तिचं पुस्तक ह्याच्या फ्लॉपीवर जाणार, फ्लॉपी ह्याच्या पिशवीत जाणार, आणि उद्या पुण्यात ह्याच्या नावानं छापून येणार. मी सांगितलं की आमच्या नकला आम्ही केव्हाच काढल्यात. ते खोटं नव्हतं. बायकोनं पुस्तकाच्या दोन फ्लॉप्या केल्या होत्या आणि मी त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या, अगदी दाराजवळच्या खणात. दार घट्ट बसावं म्हणून तिथं मीच एक जाडजूड लोहचुंबक बसवून घेतला होता.

येत्या शनिवारी काम करायचं ठरलं. शुक्रवारपर्यंत मला झोप नव्हती.

आमच्याकडं पाण्याची मोटर वायंडिंगला द्यायची झाली की शहाणा माणूस आतल्या तांब्यावर आधी खूण करतो, नाहीतर परत येताना तार हलकी झालेली असते. मीही तेच केलं. बायको शाळेत गेल्यावर संगणकाचं कॅबिनेट उघडलं आणि आतल्या एकूणएक भागावर तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पंख्यालासुद्धा. मशीन आतून गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. मग पुस्तकाकडं वळलो. कचेरीतल्या एकानं मला एक युक्ती शिकवली होती: कुठल्याही फाइलवर तीन शिक्के मारता येतात. एक, ही फाइल कुणाला दिसू नये. दोन, हिला कुणी बदलू नये. तीन, ही सिस्टीमची स्वतःची फाइल आहे. मी एकही शिक्का सोडला नाही. पुस्तकाची प्रकरणं पडद्यावरून अशी गेली की मलाही सापडेनात. मग चहा करून प्यालो. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की साखर घालायची राहिली आणि तरी तो गोड लागला.

ह्यातलं काहीही मी बायकोला सांगितलं नाही. ती विश्वास ठेवणारी बाई. तिच्या तोंडून गोष्ट बाहेर जायची.

शनिवारी तिची सकाळची शाळा होती. दहाच्या सुमाराला सर आले. आबा आदल्या दिवशी डोळे दाखवायला कळंबहून आले होते, ते संगणकासमोरच्या कॉटवर चाती फिरवत बसले होते. सरांनी कॅबिनेट उघडलं. ते लाल ठिपके बघून घटकाभर थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि पिशवीतून एक वही काढली. तिच्यात त्यांनी प्रत्येक भागावरचा नंबर लिहून घेतला आणि खाली माझी सही मागितली. म्हणाले, लोक मागून म्हणतात की सरांनी भाग बदलला, म्हणून मी आधीच लिहून घेतो. म्हणजे हा माणूस माझ्यावर संशय घेत होता! मला राग आला, पण मनातून जरा बरंही वाटलं. आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता.

"आत ठेवण्यासारखं काही आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं बाहेर काढलंय."

त्यांनी डिस्क तपासली. मग फाइली गोळा करायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर रंगीत चौकोनांचं एक शेत उमटलं. भरलेले चौकोन वरच्या अंगाला, मधेमधे मोकळी जागा, पुन्हा विखुरलेले चौकोन. डिस्कनं मळणी चालू केल्यासारखा आवाज धरला आणि एकेक चौकोन खालून उचलून वर जाऊन बसायला लागला.

आबांची चाती थांबली. ते कॉटवरून उठून पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांच्या मिशा काचेला लागल्या. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. सरांनी समजावलं, की आता आपल्याला मधे कुंपण घालायचंय, त्याआधी सगळं एका बाजूला घेतोय.

"वाघर हलवताय म्हना की," आबा म्हणाले. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दर मुक्कामाला उपटून नव्या जागी ठोकायची. "मेंढरं एका अंगाला घेतल्याबिगर जाळीला हात लावायचा न्हाय. न्हायतर निम्मी हितं, निम्मी तितं, आन मधली जाळीखाली."

सर म्हणाले, इतक्या वर्षांत एवढ्या लवकर हे कुणाला कळलं नव्हतं. मला ते बोलणं आवडलं नाही. सासऱ्याची स्तुती करून जावयाचं लक्ष उडवायचं, हा जुना डाव आहे.

वीज जाईल ह्या धास्तीत तास गेला. फाइली हलताना वीज गेली तर सगळंच गेलं, असं सर म्हणाले होते. त्यामुळं डोक्यावरचा पंखा जरा मंदावला की मी पंख्याकडं बघायचो आणि पंखा घाबरून पुन्हा फिरायला लागायचा. अखेर मळणी थांबली. सगळे चौकोन वर गोळा झाले होते, खाली सपाट मोकळं रान. फक्त अगदी शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, एकटा एक चौकोन उभा होता. त्याच्यावर फुली.

अशा फुल्या वरच्या ओळीतही होत्या. त्या सिस्टीमच्या, त्या तिथंच राहतात, असं सर म्हणाले. पण ही खालची कुठून आली? त्यांनी कसलीशी सेटिंग बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं, पुन्हा तासभर मळणी. चौकोन तिथंच. कापायच्या प्रोग्रामला विचारलं तर तो म्हणाला, शेवटच्या टोकाला काहीतरी बसलेलं आहे, मी कापू शकत नाही.

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लपलेलं, हलत नाही, सिस्टीमचा शिक्का आहे पण जागा सिस्टीमची नाही. "व्हायरस आहे," ते म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही. पुसून टाकतो."

मी तो चौकोन ओळखला. ते माझे तीन शिक्के मारलेलं पुस्तक होतं, व्हायरस नव्हता. पण हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही चोर आहात असं समजून मी हे दडवलं? त्यांच्या तोंडावर? सासऱ्यासमोर? मी मनाशी हिशेब केला: कपाटात दोन फ्लॉप्या आहेत, हे पुसलं गेलं तरी बिघडत नाही. मी गप्प बसलो. इतका गप्प मी लग्नातसुद्धा बसलो नव्हतो.

"थांबा मास्तर," आबा म्हणाले. "जे मेंढरू हलत न्हाय, त्याला मारायचं नसतंय. आदी बघायचं असतंय. एक तर लंगडं असतंय, न्हायतर व्यालेलं असतंय."

एवढ्यात बायको शाळेतून आली. चपला काढता काढताच तिनं विचारलं, पुस्तकाची नक्कल घेतलीत ना? सर म्हणाले, आत काहीच नाही असं सांगितलंय. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ऐटीत कपाट उघडलं. चुंबकानं दार सोडताना खट्ट केलं. फ्लॉप्या काढून दिल्या. सरांनी पहिली घातली. मशीन घरघरलं, घुटमळलं, आणि म्हणालं की ही वाचता येत नाही. दुसरी घातली. तीही नाही. सरांनी फ्लॉपीकडं पाहिलं, कपाटाच्या दाराकडं पाहिलं, आणि त्या चुंबकावर बोट ठेवलं. चुंबकाजवळ फ्लॉपीतलं पुसलं जातं, एवढंच म्हणाले.

बायको खुर्चीवर बसली. तिनं स्वतः माउस घेतला आणि पुस्तकाचा फोल्डर उघडला. रिकामा. पुन्हा उघडला. तिचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात पहिल्यांदा अतिशयोक्ती न करता सांगतो, मला तो बघवला नाही. दोन वर्षांचे रविवार. आणि मग तिनं, त्या विश्वास ठेवणाऱ्या बाईनं, मान वळवून सरांकडं पाहिलं.

"मी अजून काही पुसलेलं नाही, मॅडम," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "वही बघा. सगळ्याची नोंद आहे."

वहीत पंख्याचा नंबर होता. पुस्तकाचा नव्हता.

खोलीतल्या सगळ्या नजरा त्या पोरसवदा माणसावर, एक सोडून. आबा माझ्याकडं बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "लांडगा आला का न्हाय ते मेंढरांकडं बघून कळत न्हाय. कुत्र्याकडं बघायचं. मगापासनं मी तुमच्याकडं बघतोय."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, तीन शिक्के, नेलपॉलिश, पुण्यात सरांच्या नावानं छापून येणारं पुस्तक, सगळं. मधे थोडी पदरची भर घालून बघितली, की गावात अशा चोऱ्या वाढल्यात वगैरे, पण बायकोनं हात वर केला आणि मी भर काढून घेतली. सरांची मान खाली होती. मला वाटलं हा आता पिशवी उचलून जाणार. त्यांनी पिशवी उचललीच. आणि तिच्यातून त्या दोन कोऱ्या फ्लॉप्या काढून टेबलावर ठेवल्या. "आता तरी चालतील?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, बायकोला. तिनं हो म्हटलं. मला कुणी विचारलं नाही, आणि पुढचा तासभर कुणी विचारणारही नव्हतं.

शिक्के मी काढले. नीट सांगायचं तर सरांनी काढले आणि मी कुठले ते सांगितलं. प्रकरणं पडद्यावर एकेक करून उगवली. ती दोन्ही फ्लॉप्यांवर उतरवली, आणि उतरवली एवढ्यावर न थांबता सरांनी दोन्ही पुन्हा उघडून बघितल्या. फ्लॉपी वाचता आली तरच नक्कल, नाहीतर नुसतं प्लॅस्टिक, असं ते म्हणाले. ते माझ्यासाठीच होतं. मग पुन्हा मळणी लावली. ह्या वेळी शेवटच्या ओळीतला चौकोन थरथरला, उचलला गेला आणि वर जाऊन बाकीच्यांत बसला. "हाललं," आबा म्हणाले, आणि चाती पुन्हा फिरायला लागली. कापायचं काम तर चहा उकळायच्या आत झालं. जिथं एक डिस्क होती तिथं दोन झाल्या, नव्या भागात पुस्तक गेलं, बायकोनं उघडलं. होतं.

मला वाटलं संपलं. पण आबा म्हणाले, वाघर हलवल्यावर मेंढरं मोजायची असतात. त्यांनी तिला सगळ्या मुक्कामांची नावं ओळीनं वाचायला लावली. ती वाचत गेली आणि ते डोळे मिटून बोटांची पेरं मोजत गेले. कळंब सुटलं, नीरेचं पात्र ओलांडलं, घाट आला, घाट उतरला. ती थांबली. आबांचा अंगठा एका पेरावर तसाच राहिला.

"येक कमी हाय."

बायकोनं पहिल्यापासून पुन्हा वाचलं. आबांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. सरांनी घाईनं फ्लॉपी घातली, तिच्यातही तेवढेच. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी शपथ घेतली की माझं एकही पान आता कुठं दडलेलं नाही. बायकोचे डोळे भरायला आले होते. नेमका कुठला, तिनं विचारलं. कुठला मुक्काम गेला?

आबांनी चाती मांडीवर ठेवली. बराच वेळ लोकरीचा धागा बोटाला गुंडाळत राहिले.

"गेला न्हाय," ते म्हणाले. "तो म्या सांगितलाच न्हाय. घाटाच्या अलीकडं येक दरा हाय. उन्हाळ्यातबी तितं गवत असतंय. माझ्या बानं मला दाखवला, म्या कुनालाच न्हाय. असली जागा कुनी सांगतंय व्हय?"

"आबा, मलापण नाही?" बायको म्हणाली.

"तू लिवनार. लिवलेलं समदे वाचनार." मग बोटावरचा धागा सोडत म्हणाले, "पर आता मेंढरं न्हाइत. जानारंबी कुनी न्हाय. आज मोजताना वाटलं, आपुनच येक मेंढरू मागं सोडून आलो."

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि हात कळफलकावर ठेवले. आबा सांगायला लागणार, तोच त्यांनी सरांकडं बघितलं.

"मास्तर, वाइच भाईर बसा."

सर उठले. मी विजयानं पाय पसरले.

"तुमीबी, जावईबापू."

आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर बसलो. आतून कळफलकाची टकटक सुरू झाली. आधी सावकाश, मग भराभर. आबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. जरा वेळानं मी खिडकीच्या बाजूला थोडा सरकलो. सरही सरकले. आतली टकटक थांबली, आणि आबांनी उठून खिडकी लावून घेतली.